माशीला ताप येतो का? कणा नसलेल्या प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षं मी फळमाश्यांना आजारी पाडते आहे. व्याख्यानानंतर, प्रवासात शेजारी बसलेल्यांकडून आणि विद्यार्थ्यांच्या ईमेलमधून तेच ते प्रश्न येतात. दर वेळी नव्याने उत्तर देताना मी काहीतरी विसरते, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

तुम्ही नेमकं करता काय?

माश्यांना सुई टोचून जंतुसंसर्ग करते आणि कोण मरतं, कधी मरतं, हे मोजते. जनुकं, प्रथिनं, शोधनिबंध हे सगळं त्या मोजणीनंतर येतं. भारदस्त उत्तर हवं असेल तर: अपृष्ठवंशी प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ती. प्राण्यांच्या ज्ञात प्रजातींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त प्रजातींना पाठीचा कणा नाही. तेव्हा "एवढ्याशा गटावर का काम करता?" हा प्रश्न खरं तर उंदरांवर काम करणाऱ्यांना विचारायला हवा.

कीटकांच्या अंगात अँटिबॉडी नसतात म्हणे. मग ते जगतात कसे?

नसतातच. तरीही कुजक्या फळावर, शेणात, साचलेल्या पाण्यात, म्हणजे जंतूंच्या ऐन गर्दीत, ते पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतात.

पहिली गोष्ट कवच. त्याला भोक पडलं की काही मिनिटांत जखमेपाशी रक्त साकळतं आणि काळं पडतं. चिरलेलं सफरचंद काळवंडतं त्याच जातीची ही रासायनिक क्रिया. ती घडवणारं विकर (एन्झाइम) कीटकाच्या रक्तात निष्क्रिय रूपात तयारच असतं, कारण ते कायम चालू राहिलं तर कीटक स्वतःच भाजून निघेल. त्यातून मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनतं आणि वाटेत तयार होणारी विषारी रसायनं जंतूंना मारतात. दरम्यान दुसरी फळी, म्हणजे रक्तपेशी, जंतू गिळायला लागते. गिळता येणार नाही एवढी मोठी वस्तू असेल, उदाहरणार्थ परजीवी गांधीलमाशीने अळीच्या पोटात घातलेलं अंडं, तर चपट्या पेशी त्याला थरावर थर लपेटून कोंडून टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली अळीच्या पारदर्शक अंगात तो काळा ठिपका स्पष्ट दिसतो. अळी जगली की ठिपका माशीच्या पोटातही राहतो.

काही तासांनी तिसरी फळी येते. आपल्या यकृताचं बरंचसं काम करणारा, चरबीने भरलेला एक अवयव कीटकात असतो. तो रक्तात छोटी प्रथिनं सोडतो आणि ती जिवाणूंचं बाहेरचं आवरण फोडतात. अशी प्रथिनं पहिल्यांदा हाती लागली ती स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाला, सिक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगाच्या कोषांतून. १९८१ मध्ये त्यांनी 'सिक्रोपिन' जाहीर केलं. विषाणूंसाठी आणखी वेगळी सोय आहे: विषाणूच्या आरएनएचेच तुकडे करून त्यांच्या मदतीने उरलेला आरएनए शोधून कापणं.

या विषयाची सुरुवात कोणी केली?

पाठ्यपुस्तकं रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेच्निकोफ यांच्यापासून सुरू करतात. मी जरा मागे जाते. १८३५ मध्ये आगोस्तिनो बास्सी यांनी दाखवलं की रेशीमकिड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे जातो. प्राण्याचा रोग सूक्ष्मजीवामुळे होतो, याचा पहिला धड पुरावा असा एका अळीतून मिळाला. ती बुरशी आज त्यांच्याच नावाने, 'ब्युव्हेरिया बॅसियाना' म्हणून ओळखली जाते आणि पिकांवरच्या किडी मारायला वापरली जाते. १८६५ पासून पाश्चरही काही वर्षं रेशीमकिड्यांच्या 'पेब्रिन' रोगामागे लागले होते. त्यांनी काढलेली युक्ती साधी होती: प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवायची, मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि रोगाचे कण दिसले तर तिची अंडी फेकून द्यायची.

मेच्निकोफ यांची गोष्ट १८८२ सालची, सिसिलीतल्या मेसिना गावची. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती आणि ते एकटे सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला तर फिरत्या पेशी त्याच्याभोवती जमतील का, असा विचार मनात आला. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या होत्या. भक्षक पेशींची कल्पना इथून निघाली आणि १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आम्ही आजही तेच करतो, फक्त काट्याऐवजी टंगस्टनची सुई असते.

माशीवरून माणसाबद्दल काय कळणार?

हा प्रश्न डॉक्टर मंडळी विचारतात, बहुधा घड्याळाकडे बघत.

'टोल' हे जनुक आधी माशीच्या भ्रूणाची पाठ कुठे आणि पोट कुठे हे ठरवणारं म्हणून सापडलं होतं. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीपुढे टिकत नाहीत. ॲस्परजिलस बुरशीच्या तंतूंनी झाकलेल्या माशीचं त्यातलं चित्र आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. दोन वर्षांनी ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरात याच कुळातलं जनुक सापडलं. ते बिघडलं की उंदराला काही जिवाणूंच्या आवरणातलं विष ओळखताच येत नाही. २०११ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये हॉफमन आणि बॉयटलर दोघे होते.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कोणी सांगत नाही: माशीचं टोल स्वतः जंतूला ओळखतच नाही. ओळखण्याचं काम रक्तातली दुसरी प्रथिनं करतात, त्यांच्यापासून एक साखळी सुरू होते आणि शेवटचा दुवा टोलला जाऊन चिकटतो. आपल्यातली टोलसदृश प्रथिनं मात्र जंतूच्या घटकांना थेट भिडतात. घराणं एक, पण रीत वेगळी. म्हणून माशी म्हणजे माणसाची छोटी, सोपी आवृत्ती असं कोणी म्हटलं की मी अडवते. सागरी अर्चिनच्या जीनोममध्ये टोलसदृश २२२ जनुकं सापडली, माणसात जेमतेम दहा कामाची आहेत. यात सोपं कोण?

याचा रोजच्या औषधपाण्यात काही उपयोग झालाय का?

तुम्ही कधी इंजेक्शन घेतलं असेल तर बहुधा झालाय. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याचं रक्त निळं असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं आहे. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांच्या लक्षात आलं की काही जिवाणू टोचल्यावर ते रक्त गोठून प्राणी मरतो. पुढे जॅक लेविन यांच्याबरोबर त्यांनी त्यावरून चाचणी तयार केली. लशी आणि सलाइनमध्ये जिवाणूंचं विष राहिलेलं नाही ना, हे बघायला ती जगभर वापरतात. त्यासाठी या प्राण्यांना पकडून, रक्त काढून पुन्हा समुद्रात सोडतात आणि त्यातले काही दगावतात. आता गोठण्याच्या साखळीतलं पहिलं प्रथिन प्रयोगशाळेत बनवता येतं. चाचणी तिकडे लवकर वळावी असं माझं मत आहे. मी दररोज माश्या मारते, तरी.

एक प्रयोग प्रत्यक्षात कसा असतो?

कंटाळवाणा. जिवाणू आदल्या संध्याकाळी वाढत ठेवायचे. सकाळी त्यांची दाटी मोजून ठरलेल्या प्रमाणात पातळ करायचे. पाच ते सात दिवस वयाच्या माश्या सच्छिद्र पॅडवर घ्यायच्या, खालून कार्बन डायऑक्साइड सोडला की त्या निपचित पडतात. सुईचं टोक जिवाणूंच्या द्रवात बुडवायचं आणि माशीच्या छातीला, पंखाच्या जरा खाली, बाजूने टोचायचं. फार खोल गेलं तर जखमेनेच मरते, वरवर गेलं तर काहीच होत नाही. हाताला अंदाज यायला माझे चार महिने गेले. वायल, म्हणजे माश्या ठेवायची छोटी कुपी, आडवी ठेवायची, नाहीतर गुंगीतली माशी खाली पडून खाद्याला चिकटते आणि ती संसर्गाने मेली की चिकटून, हे सांगता येत नाही. यात कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे गट, दोन लागतात: न टोचलेल्या माश्या आणि स्वच्छ सुईने टोचलेल्या. नवशिके दुसरा कंट्रोल विसरतात.

मग मोजणी. रोज ठरलेल्या वेळी. सुट्टी, आजारपण, वादळ, काही असो. कारण आलेख उभा राहतो तो "कधी मेली" यावर, आणि मोजणीचा एक दिवस चुकला की तो परत मिळत नाही.

तुमचा सर्वांत मोठा घोळ कोणता?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला वाटलं, विषाणूंविरुद्धचं नवं जनुक सापडलं. ते बिघडलेल्या माश्या विषाणू टोचल्यावर पटापट मरत होत्या आणि कंट्रोलच्या माश्या मजेत होत्या. तीनदा केलं, तीनदा तेच. मी शोधनिबंधाचा पहिला मसुदासुद्धा लिहिला.

मग शेजारच्या टेबलावरच्या पोस्टडॉकने (पीएचडीनंतर करारावर काम करणाऱ्या संशोधकाने) सहज विचारलं, "वोल्बॅकिया तपासलंस?" वोल्बॅकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू, आईकडून अंड्यात जाणारा. २००८ मध्ये दोन गटांनी दाखवून दिलं होतं की तो माशीला काही विषाणूंपासून वाचवतो. माझ्या कंट्रोलच्या माश्यांमध्ये तो होता, बिघडलेल्या माश्यांमध्ये नव्हता. प्रतिजैविक घातलेल्या खाद्यावर दोन पिढ्या वाढवून कंट्रोल स्वच्छ केले, आणखी काही पिढ्या साध्या खाद्यावर जाऊ दिल्या आणि पुन्हा टोचलं. फरक गायब. चौदा महिने पाण्यात. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये नवा माशीवाण आला की पहिली चाचणी वोल्बॅकियाची, नाव-गाव नंतर.

सगळ्या माश्या सारख्या, जंतू सारखे, मात्रा सारखी. तरी अर्ध्या का मरतात आणि अर्ध्या का जगतात?

हाच प्रश्न. बाकीचे सगळे मी नोकरीसाठी सोडवते, हा स्वतःसाठी.

आधी वाटायचं, हा हाताचा दोष. कोणाला जरा जास्त जंतू गेले, कोणाला कमी. म्हणून सुई सोडून आम्ही सूक्ष्म काचेच्या नळीने मोजून मापून द्रव आत सोडायला लागलो. मग भावंडं घेतली, पिढ्यान्‌पिढ्या आपसात वाढवलेली, जनुकांनी जवळजवळ एकसारखी. एकाच वायलमध्ये, एकाच दिवशी जन्मलेली. तरी काही मेल्या, काही जगल्या. मधलं काही नाही: दोन-तीन दिवसांत मरायच्या त्या मेल्या, उरलेल्या नंतर आठवडेच्या आठवडे जगल्या.

आता जे चित्र दिसतं ते असं. जंतू टोचल्याबरोबर शर्यत सुरू होते. जिवाणू दर अर्ध्या-एक तासाला दुप्पट होतात आणि माशीची प्रथिनं पुरेशी जमायला काही तास लागतात. जिवाणूंची संख्या एका पातळीपलीकडे जाण्याआधी प्रथिनं पोचली तर माशी वाचते, अन्यथा नाही. सुरुवातीच्या तासांतला बारीकसा फरक पुढे जगणं आणि मरणं एवढा मोठा होतो. मला पटणारं स्पष्टीकरण हेच आहे. पण तो सुरुवातीचा बारीक फरक कुठून येतो, हे विचारलंत तर मी विषय बदलते.

यावरून विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगते: सरासरीवर फार विश्वास ठेवू नका. "सरासरी माशीच्या अंगात इतके जिवाणू" हा आकडा बऱ्याचदा एकाही खऱ्या माशीचा नसतो. माश्या दोन ढिगांत पडलेल्या असतात आणि सरासरी मधल्या रिकाम्या जागेत.

कीटकांना लस देता येते का?

मधमाश्यांना येते. लार्व्हांना कुजवून मारणाऱ्या 'अमेरिकन फाउलब्रूड' रोगाच्या लशीला अमेरिकेत २०२३ च्या सुरुवातीला सशर्त परवानगी मिळाली. मारलेले जिवाणू राणीच्या खाद्यातून पोटात जातात, त्यांचे तुकडे अंडपिवळं बनवणाऱ्या प्रथिनाला चिकटून अंड्यांत पोचतात आणि होणारी प्रजा आधीच सावध जन्मते. सुई नाही, अँटिबॉडी नाही.

याला 'स्मृती' म्हणावं का, यावर आमच्यात २००३ पासून वाद आहे. त्या वर्षी कुर्ट्झ आणि फ्रांझ यांनी गोड्या पाण्यातल्या एका इवल्याशा कवचधारी प्राण्यात दाखवलं की एकदा पट्टकृमीची लागण झाली की पुढच्या वेळी त्याच्याच जवळच्या नात्यातल्या पट्टकृमीला शिरकाव करायला यश कमी मिळतं. नंतर असे निष्कर्ष पुष्कळ आले, काही प्राण्यांत आले नाहीत, काही प्रयोग पुन्हा करून बघितले तर विरले. मला वाटतं 'स्मृती' हा शब्द आम्ही घाईने उचलला. काही ठिकाणी आठवण असेल, पण काही ठिकाणी पहिल्या संसर्गानंतर उतरायची राहून गेलेली नुसती सूज असते.

डास मलेरिया पसरवतो, मग त्याला स्वतःला मलेरिया होत नाही का?

होतो, आणि तो लढतोही. रक्ताबरोबर परजीवी हजारोंनी पोटात जातात, पण आतड्याची भिंत ओलांडून पलीकडे घर करणारे बहुतेकदा बोटांवर मोजण्याइतके उरतात. भिंत ओलांडताना टीईपी१ नावाचं प्रथिन त्यांना चिकटतं. आपल्या रक्तातल्या, जंतूंना चिकटणाऱ्या कॉम्प्लिमेंट प्रथिनाचं हे लांबचं भावंड. ते चिकटलं की परजीवी फुटतात, किंवा काही डासवाणांत काळ्या मेलॅनिनमध्ये गाडले जातात. दुर्दैव आपलं असं की वाचलेल्या एकातूनसुद्धा पुढे हजारो तयार होतात. एक गोष्ट आपल्या बाजूची: हे सगळं व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि तेवढं बरेचसे डास जगतच नाहीत.

डेंग्यूच्या बाबतीत माझा जुना वैरी वोल्बॅकिया कामाला आला. एडिस इजिप्ती डासात तो मुळात नसतो. तो मुद्दाम घातला की विषाणू त्या डासात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले. ते निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याने माझे चौदा महिने खाल्ले त्याच्याबद्दल मी आता आदराने बोलते.

बरं, माशीला ताप येतो का?

स्वतःचं अंग तापवायची सोय तिच्याकडे नाही. पण बुरशी लागलेली घरमाशी आणि टोळ मुद्दाम ऊबदार जागी जाऊन बसतात, इतक्या की बुरशीची वाढ खुंटते. म्हणजे ताप येत नाही, त्या तो आणतात.

मी कुठला प्राणी निवडू?

प्रश्न आधी, प्राणी नंतर.

जनुकांचं यंत्र उकलायचं असेल तर फळमाशी किंवा सी. एलेगन्स हा कृमी. कृमीकडे जंतू गिळणाऱ्या पेशी नाहीत, पण घातक जिवाणूचा वास ओळखून पुढच्या वेळी त्याला टाळायला तो शिकतो. रुग्णांतून मिळालेले जंतू किती जहाल आहेत हे बघायचं असेल तर मेणकिड्याची अळी घ्या. ती ३७ अंशांवर तग धरते आणि आजारी पडली की क्रीम रंगाची हळूहळू काळी होते, वेगळं उपकरण लागत नाही. यजमान आणि परजीवी एकमेकांमागे कसे बदलत जातात यासाठी पाणपिसू हा तळ्यातला इवलासा कवचधारी प्राणी: तळ्याच्या गाळात तिची जुनी अंडी आणि परजीवीचे बीजाणू थराथराने पुरलेले असतात. ते उबवून दहा वर्षांपूर्वीच्या यजमानाची गाठ आजच्या परजीवीशी घालता येते. असा कालप्रवास दुसऱ्या कुठल्या विषयात सहज मिळत नाही. अन्न आणि उपजीविकेशी थेट संबंध हवा असेल तर मधमाशी, कोळंबी, शिंपले. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९० च्या दशकात तलावच्या तलाव काही दिवसांत रिकामे करत गेला आणि आजही त्यावर रामबाण उपाय नाही.

कोणती पदवी लागते? गणित कच्चं असेल तर?

जीवशास्त्राची कुठलीही शाखा चालते. पशुवैद्यक, कृषी, सूक्ष्मजीवशास्त्र इथूनही चांगले लोक आले आहेत. पण संख्याशास्त्राला पर्याय नाही. तगण्याच्या आलेखांचं विश्लेषण स्वतःला करता आलं पाहिजे, दुसऱ्याकडून करून घेतलं की आपला प्रश्नही हळूहळू त्याचा होतो.

गाइड कसा निवडावा?

त्याचे शोधनिबंध वाचा आणि मग ते बाजूला ठेवून त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. विचारायचा प्रश्न एकच: प्रयोग फसल्याचं सांगायला गेलात तेव्हा काय झालं?

अनुदान मिळतं का?

मिळतं, अर्जात "डास" असेल तर जरा लवकर. माझ्या एका अर्जावर परीक्षकाने लिहिलं होतं, "माशी मेली तर बिघडलं काय?" राग शांत झाल्यावर कळलं की अर्जातच मी ते नीट सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी पहिला परिच्छेद त्याच वाक्याचं उत्तर म्हणून लिहिला. अर्ज मंजूर झाला.

नोकरीचं चित्र मात्र गुळगुळीत करून सांगत नाही. पीएचडी, मग एक-दोन पोस्टडॉक, म्हणजे दहाएक वर्षं कराराच्या नेमणुकांवर. स्वतःची लॅब सगळ्यांना मिळत नाही. माझ्याबरोबरचे कोणी रोगनिदानाच्या कंपन्यांत, कोणी मत्स्यशेतीत, कोणी विज्ञानलेखनात गेले आणि बहुतेक बरे आहेत.

माश्या मारताना वाईट वाटतं का? परवानगी लागते का?

बऱ्याच ठिकाणी कीटकांसाठी प्राणी-नीती समितीची परवानगी लागत नाही. युरोपीय संघाच्या नियमांत ऑक्टोपससारखे प्राणी येतात, माश्या येत नाहीत. प्रत्येक माशी-लॅबमध्ये अल्कोहोल भरलेली एक बाटली असते, तिला सगळे 'मॉर्ग' म्हणतात. वापरून झालेल्या माश्या तिच्यात. मी लागतील तेवढ्याच वापरते आणि त्या आधी गुंगीत आहेत ना, हे बघते. वाईट वाटतं का? पहिल्या वर्षी वाटायचं. आता एखाद्या दिवशी वाटतं.

सध्या काय चालू आहे?

वाचलेल्या माश्या. संसर्गानंतर तीन आठवड्यांनी त्या उडतात, अंडी घालतात, वायलच्या भिंतीवर चढतात. बाहेरून बघून टोचलेली कोणती आणि न टोचलेली कोणती, मलाही सांगता येत नाही. त्यांतली एक घ्यायची, अल्कोहोलमध्ये बुडवून बाहेरून स्वच्छ करायची, थेंबभर द्रवात चिरडायची, प्लेटवर पसरायची आणि प्लेट रात्रभर उबेला ठेवायची. काही जंतूंच्या बाबतीत सकाळी प्लेट बहुतेकदा रिकामी नसते. पन्नास, शंभर, कधी हजारावर ठिपके. माशी बरी झालेली नव्हती, ती त्या जंतूंसकट जगत होती. दर वेळी एवढेच ठिपके का आणि त्याहून जास्त का नाहीत, हे शोधायला मला आणखी दोन पोस्टडॉक हवे आहेत. हात स्थिर असेल आणि रविवारी मोजणीला यायची तयारी असेल तर लिहा.